टाइलवर आधी हॅमर बंद

मिस्त्री, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज मला तुमचा राग येतोय. स्वतःची किळस येते ती वेगळीच. मी मस्कतला आहे, एका हॉटेलच्या कामावर. परवा सहाव्या मजल्यावरच्या बाथरूमात माझ्या हातून टाइल तडकली. सुपरवायझरनं विचारलं, "किसने किया?" त्या मजल्यावर आम्ही दोघंच होतो, मी आणि एक नेपाळी. मी मान खाली घालून ड्रिलची वायर गुंडाळत बसलो. तो वर बघत राहिला, म्हणून त्याच्यावर आलं. त्याच्या हातातलं ड्रिल काढून घेतलं आणि त्याला राडारोडा उचलायला लावलं.

इथलं काम बघून तुम्हाला ओकारी आली असती. ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके, चालू ठेवूनच टाइलवर दाबतात. कड उडाली की पांढरं सिमेंट थापतात, वर स्टीलची टोपी, झालं फाइव्ह स्टार. लोखंडाला भोक पाडताना तेलाचा थेंब नाही, फुल स्पीड. ड्रिलचं पातं, बिट, जळून निळं पडतं. आणि सगळ्यांच्या हातात ढगळे मोजे. मोजा बिटात अडकला की बोटासकट गुंडाळतो, म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी माझे मोजे खिडकीतून भिरकावले होते. "चष्मा घाला, मोजे काढा. लग्नाला निघालात का राजे?"

मी सातवी नापास, वाशीमहून आलेलो, हाताला जोर आणि डोक्यात घाई. तुमच्यासोबत विश्रांतवाडीच्या नव्या इमारतींत फिरायचो. कॉम्प्युटरवाल्यांची घरं, रोज पडदे, गीझर, आरसे. तुम्ही टाइलवर चिकटपट्टी लावता, तिच्यावर खूण करता, हॅमरचं बटण बंद करून सावकाश फिरवता. गुळगुळीत थर कापून भिंत लागली, आवाज बदलला, की मगच हॅमर. लाकूड असलं तर मागून फळीचा तुकडा, नाहीतर पलीकडून ढलप्या निघतात. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक नाही, तिथून वायर जाते. हे सगळं मला पाठ होतं. तरी त्या दिवशी तुम्ही पाण्याचा कॉक बंद करायला गच्चीवर गेलात आणि मी हॅमर तसाच ठेवून दाबलं. टाइल या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेली.

तुम्ही परत आलात, तोवर घरच्या बाई, रिटायर शिक्षिका, दारात उभ्या. "अहो मिस्त्री, भोक सांगितलं होतं. मुळा-मुठेचा नकाशा नव्हता मागितला."

"माझ्या हातून झालं, बाई. उद्या बदलून देतो."

"वीस वर्षं हेच करताय म्हणालात ना?"

"हो."

"मग आणखी थोडी करा. जमेल."

मी खाली बसून टाइलची भुकटी गोळा करत होतो. जिना उतरताना तुम्ही एवढंच विचारलंत, "तुझं तोंड कुठं होतं रे?" मी म्हटलं, तुम्हीच आधी बोललात. तुम्ही स्कूटरला किक मारलीत.

तेव्हाच एक थोबाडीत द्यायची होती. तुम्ही झाकलंत, म्हणून मला लपायची सवय लागली, असं लिहिलं की बरं वाटतं. पण पुन्हा वाचलं की त्यालाही घाण वास येतो. गप्प मीच बसलो होतो, तिथंही.

हे टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं. आज दुपारी मेसमध्ये तो नेपाळी शेजारीच जेवायला बसला, सिमेंटनं पांढरे झालेले हात घेऊन. त्याची भाषा मला येत नाही, काय बोलणार, असं मी दोन दिवस स्वतःला सांगतोय. खोटं आहे. हिंदी आम्हा दोघांनाही येते.