न हलणारा ढग

३ मे, सकाळी साडेसहा
हवामानासाठी आजपासून वेगळी वही. जुन्या वहीत बायको, सुनीता, किराण्याची यादी लिहिते.
आमची मुलगी क्षितिजा ट्रेकसाठी हिमाचलात पोहोचली. सोबत तिच्या ऑफिसातले तिघं आणि शेजारचा समीर. आठ तारखेला चौदा हजार फुटांवरची खिंड ओलांडायची आहे. हवामानाची जबाबदारी मी घेतली. कुणी दिली नव्हती, पण असल्या गोष्टी मागून मिळत नाहीत.
इंदूरजवळच्या हातोदच्या धान्य मंडीत एकतीस वर्षं काढली. उघड्यावरचा गहू कधी झाकायचा, हे आभाळ बघून मीच सांगायचो. चुकलो फक्त चार वेळा. पाचव्या वेळी ताडपत्रीच फाटकी होती.

४ मे
ट्रेकच्या ग्रुपवर पहिला अंदाज टाकला. सोबत थोडं शास्त्रही: डोंगर आडवा आला की हवा वर चढते, वर गार पडते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, ढग तयार. सुनीताला पातेल्याच्या झाकणावरचं पाणी दाखवून हेच समजावलं. झाकण ठेवा खाली, वरण उतू चाललंय, म्हणाली.
अंदाजाला एकच अंगठा आला, समीरचा. मुलगा गुणी. वडील गेल्यापासून गाडी घेण्यापासून नोकरी बदलण्यापर्यंत सगळं मला विचारून करतो.

५ मे
संकल्प: रोज पहाटे पाचला गच्चीवर निरीक्षण.
उठलो आठला. पण आमच्या सुदामा नगरच्या गच्चीवरून हिमाचल दिसत नाही, त्यामुळे नुकसान काही नाही.

६ मे, दुपारी
समीरने वरच्या कॅम्पवरून फोटो पाठवला. तिथे एका खडकावर चढलं की नेटवर्क मिळतं म्हणे. शिखरावर पालथ्या थाळीसारखा गुळगुळीत ढग. हलतो का, विचारलं. नाही काकाजी, तीन घंट्यांपासून तिथेच चिपकलाय, म्हणाला.
निष्कर्ष सोपा. ढग हलत नाही, म्हणजे वर वारा नाही. मंडीतही भुसा जागचा हलला नाही की आम्ही निर्धास्त असायचो.

७ मे, संध्याकाळी
गाईड म्हणतो, उद्या पहाटे तीनला निघायचं, दहाच्या आत खिंड ओलांडायची, नंतर हवा बिघडणार. फोनवरच्या फोरकास्टमध्येही तेच. सगळे घाबरट.
ग्रुपवर स्पष्ट लिहिलं: उद्या दिवसभर स्वच्छ. अंधारात धडपडू नका. उजाडू द्या, पोहे खा, आठला निघा. इंदूरचा माणूस उपाशीपोटी सियागंजच्या बाजारातही जात नाही.
समीरचं लगेच उत्तर: जी काकाजी, सेव सोबत आणलीय, पोहे खाऊनच निघतो.
क्षितिजाचं उत्तर नाही. तिचं मौन म्हणजे होकार. लहानपणापासून.

८ मे, सकाळी दहा
इथे आभाळ निरभ्र. अंदाज बरोबर चाललाय.

संध्याकाळी सात
क्षितिजाचा फोन, खिंडीपलीकडच्या गावातून. ती आणि ऑफिसातले तिघं पोहोचले. पहाटे तीनलाच निघाले होते. मला न विचारता!
समीर मागे राहिला. गाईडशी वाद घालून म्हणाला, काकाजींनी सांगितलंय, मी आठला निघतो. गाईडने मग आपला मदतनीस त्याच्यासाठी मागे ठेवला. अकराला खिंडीत वादळ आलं. बर्फ, आणि उभं राहू देईना असा वारा. दोघांची चुकामूक झाली. मदतनीस एकटाच कॅम्पवर परतला.

९ मे
शोध चालू आहे.
अंदाज तत्त्वतः बरोबर होता. ढग हलत नव्हता, फोटो आहे. शिवाय चांगले हातमोजे न्या, हे मी तीन तारखेलाच लिहिलं होतं.
वही पाहिली. लिहिलं नव्हतं. मनात होतं.
समीरच्या आईकडे जायचं ठरवलं. चप्पल घातली. सुनीता सकाळपासून तिथेच आहे, उगाच गर्दी कशाला? गेलो नाही.

१० मे
समीर सापडला. खिंडीच्या अलीकडे, एका खडकाच्या आडोशाला. गेला होता.
क्षितिजाला फोनवर म्हणालो, तुम्ही सगळे माझं ऐकून एकत्र निघाला असतात, तर तो एकटा पडला नसता.
ती म्हणाली, बाबा, तो ढग हलत नाही, कारण वारा त्याच्या आतून जात असतो. चढत्या बाजूला ढग बनत राहतो, उतरत्या बाजूला विरत राहतो, म्हणून जागचा हलत नाही असं वाटतं. वर भयंकर वारा असतो तेव्हाच तो तसा दिसतो. थाळी दिसली की इथली पोरंही खाली येतात.
आणि म्हणाली, तुमचे मेसेज आम्ही कुणी वाचत नाही. घरचा ग्रुप मी दोन वर्षांपूर्वीच म्यूट केला, हा पहिल्याच दिवशी. समीर वाचतो आणि तसं वागतो, हे मला माहीत असायला हवं होतं. मग रडली.

११ मे, सकाळी नऊ
समीरची आई स्वतःच फाटकाशी आली. त्याला खाली आणायला उद्या हेलिकॉप्टर येणार, पण मौसम साफ असला तरच, असं तिला कळवलंय. भाईसाहेब, तुम्ही सांगा ना, उद्या साफ राहील का, म्हणाली. त्यांच्या फोरकास्टवर तिचा भरवसा नाही.
मी वर पाहिलं. मला यातलं काही कळत नाही, असं म्हणालो. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणालो.
तिला ते पटलं नाही. घाई नाही भाईसाहेब, म्हणाली, दुपारपर्यंत नीट बघून सांगा.