चुलीवर टांगलेली नळी

आत्या, मी तुझी सून. ओळख सांगावी लागते, कारण जिवंत होतीस तेव्हाही घरातल्या सगळ्या पोरींची नावं घेऊन झाल्यावरच तू माझ्या नावावर यायचीस. विडी कानावर अन् तू ती घरभर शोधायचीस. तुझ्या ध्यानात पक्की राहिली ती एकच गोष्ट, चुलीच्या वर टांगलेली बांबूची नळी. तुला अक्षर येत नव्हतं, मलाही येत नाही. हे माझी सून लिहून राहिली आहे.

त्या नळीत दंडाच्या पावत्या होत्या. जंगलातल्या आपल्या धानाच्या बांधीत नांगर घातला की जंगलखात्याचा गार्ड यायचा, दंड घ्यायचा, पावती फाडून द्यायचा. तू ती आधीच्या पावत्यांवर गुंडाळायचीस अन् नळीत सरकवायचीस. धूर लागला की कीड लागत नाही, बियाण्याचं असतं तसंच. मी तेव्हा नवी अन् तोंडाळ. आपली चोरी कायले टांगून ठेवतेस, घाल चुलीत, म्हणाले. तू नुसती मान वळवलीस. "आपण तिथं होतो, हे त्यानंच लिवून देल्लं. जाळशीन त हात मोडीन."

तू गेलीस, मागून गॅस आला, चूल थंड पडली. नळी लोंबत राहिली. तिला धूर लागतो हे मीही विसरले, मग तुला कोणत्या तोंडानं हसू? अन् एक दिवस ग्रामसभेत सांगितलं, जंगलातल्या जमिनीचा हक्क मिळणार, पण जुनी वहिवाट दाखवा, नाहीतर दावा खारीज. तुझा नातू पावत्या काढायला तयार नाही. म्हणे, आपणच आपल्याला चोर ठरवायचं का? मी नळी उतरवते, उलटी करते, तर तळहातावर पिवळं पीठ पडतं. बांबू किडीनं पोखरला होता. "झालं," पोरगा म्हणतो अन् दारात जाऊन उभा राहतो. वरची पावती हातातच चुरते. तिच्याखालची चाळणी झालेली. त्याखालचीही तशीच. माझ्या जाड बोटांनी आणखी चुरेल, म्हणून पुढचं सुनेनं उलगडलं. कीड बाहेरून आत शिरत गेली होती, पार पोटापर्यंत पोचली नव्हती. पोटात होती ती तुझी सगळ्यात पहिली पावती, तंबाखूसारखी काळी, पण साबूत. सुनेनं तुझं नाव वाचलं, मग साल वाचलं. माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीचं.

ग्रामसभेत आताच्या गार्डानं ती उजेडात धरली, उलटून पाहिली. मला तुझा हात मोडायचा शब्द आठवून राहिला. "शिक्का आमचाच आहे," तो म्हणाला.

जमिनीच्या हक्काचा पट्टा यायला पुढे पुष्कळ हेलपाटे झाले, पण आला. त्यावर तुझ्या नातवाचं नाव आहे अन् त्याच्या बायकोचंही. तो प्लास्टिकात घालून कपाटात ठेवलाय. तुझी पावती मी नव्या नळीत घालून जागच्या जागी टांगली, अन् रोज संध्याकाळी चूल पेटवते. गॅसवरच्या भाताला चव नाही, असं घरात सांगते. खरं सांगू? दात गेले तशी चवही गेली, मला दोन्ही भात सारखेच लागतात. लिहिता लिहिता सून हसून राहिली आहे, म्हणजे तिला ठाऊक होतं.

हे पत्र पाठवू नको, सूनबाई, नळीत सरकव. आत्याला पाठवायचंच असेल तर बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली तिच्या नावानं पानावर भात अन् लाखोळीच्या डाळीचं वरण पाठव. चुलीवरचं. तिला फरक कळतो.