हंड्यावरचं नाव

४ मार्च १९६१, कापडे
धाकटा भाऊ वसंता शिमग्याला मुंबईहून आलाय. मनगटावर घड्याळ, डोळ्यांवर काळा चष्मा. कुणी न विचारता वेळ सांगतो. होळीपुढेही सांगितली. "दादा, तुझ्याकडं अजून रेडिओ नाय?" किळस आली. त्याची, आणि मला क्षणभर रेडिओ हवासा वाटला त्याचीही.

७ मार्च
पोलादपूरच्या शाळेतून चालत येताना त्या ग्रीक तत्त्वज्ञाचाच विचार. महाडच्या वाचनालयातल्या पुस्तकात भेटला. रांजणात राहायचा. लोक कुत्रा म्हणायचे, ते त्याला चालायचं. जवळ एक वाटी होती. कुणाला तरी ओंजळीनं पाणी पिताना पाहिलं नि तीही फेकून दिली.
आणि आमची मांडणी! तांब्यापितळेची नुसती गर्दी. सौ. चिंच लावून लावून घासत बसते. शेजारणींनी बघावं म्हणून, दुसरं काय.

१२ मार्च
सौ. तुडीलला माहेरी, भावजयीच्या बाळंतपणाला. आज मांडणी रिकामी केली. सगळी भांडी गावकीला, गावातल्या लग्नकार्यांसाठी. गावकीचे धोंडूकाका जरा घुटमळले. "गुरुजी, वयनीना इचारलात काय?" म्हटलं, सोडायचं ते विचारून सोडत नाहीत.
फार हलकं वाटलं. ओंजळीनं पाणी प्यालो. अर्धं सदऱ्यावर.

२६ मार्च
सौ. आली. मांडणीपुढं उभी राहिली. "माजा हंडा?" एवढंच.
सासऱ्यांनी लग्नात दिलेला. वर टिंबाटिंबांनी 'चि. अनसूयेस, बाबांकडून'. सासरे त्याच पावसाळ्यात गेले. मी ग्रीकाबद्दल सांगायला लागलो. तिनं मातीच्या मडक्यात भात केला, मला वाढला, स्वतः जेवली नाही.

२७ मार्च
सकाळच्या एस.टी.नं गेली. तुडीलला. काही बोलली असती तर…

९ एप्रिल
आता लोक मला बघायला येतात! वरंधचे एक गृहस्थ म्हणाले, साधूच आहात. त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं, तर तीर्थासारखं प्याले नि हात डोक्यावरून फिरवला. शी! वसंता घड्याळ मिरवतो, मी ओंजळ मिरवतो. तो निदान कबूल तरी करतो.

२३ एप्रिल
गावात लग्न. पंगतीत बसलो तर समोर तो हंडा, आणि त्यावर माझं नाव. सगळ्याच भांड्यांवर. 'गुरुजींकडून गावकीस सप्रेम.' धोंडूकाका खुशीत: "महाडच्या तांबटाकडनं घालून आणलं. जुनं नाव ठोकून सपाट केलान त्यानं, म्हंजे तुमचं नीट दिसंल."
उठून हंडा परत मागितला, चारचौघांत. काका म्हणाले, "आता तो गावकीचा, म्हंजे देवाचा झाला, गुरुजी. परत मिळायचा नाय. घरात कार्य काढा, एक दिवस न्या, परत आणून द्या. रीत हाय."

२ मे
काढलं कार्य. सत्यनारायण. मी, ज्याला असल्या गोष्टींचा वीट! आमंत्रणं केली, केळीचे खांब आणले. तुडीलला निरोप धाडला: हंडा घरी येतोय.
ग्रीकाला बायको नव्हती. त्याचं काय जातं!

७ मे, संध्याकाळ
सौ. आली. पूजेला शेजारी बसली. बोचकं मात्र ओटीवरच, गाठ न सोडता.
माणसं प्रसाद घेऊन गेल्यावर हंड्याजवळ गेली. अंगठा फिरवत राहिली, अक्षरांच्या खालच्या सपाट जागेवर. मला बघवेना. म्हटलं, चुकलं माझं. तिनं ऐकलं नसावं. किंवा ऐकलं असेल.
मग हंडा घेऊन विहिरीवर गेली. काठोकाठ भरून आणला, चुलीशेजारी त्याच्या जुन्या जागी ठेवला.
"अगो, सकाळी गावकीची माणसं न्यायला यायची हायत," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी तोंडून गावची बोली आली.
"येऊ देत," ती म्हणाली. "भरलेला कसा नेतात ता बघते."
बोचकं अजून ओटीवर आहे. आत आणून ठेवावं असं चारदा वाटलं. हात लावायचा धीर होत नाही; ते तिचं आहे.