बकलाखालचे पुरळ

तीर्थरूप दादाच्या चरणी,

धाकट्याचा नमस्कार. (कमरेतून वाकणे मला मध्यंतरी मना होते. त्याचे कारण पुढे सविस्तर येईलच. तूर्त हा नमस्कार उभ्याउभ्याच घातला आहे असे समजून गोड मानून घ्यावा.) इकडे आम्ही सारे बरे आहोत, म्हणजे आता बरे आहोत. वहिनींचा गुडघा त्यांना जिना चढू देतो की अजून त्यांच्याशी भांडतो, ते कळवणे. तुमच्या गच्चीची गळती थांबली असेल अशी आशा आहे. थांबली नसल्यास ती ज्याने बुजवली त्याला पुन्हा बोलावू नये, एवढे लहान तोंडी सुचवतो.

हे पत्र लिहिण्याचे निमित्त माझे पोट आहे. घाबरू नकोस, पोटात काही नाही. जे झाले ते पोटावर. पण पोटाकडे वळण्यापूर्वी चिमीकडे वळणे भाग आहे, कारण कार्यकारणाचा क्रम तोच आहे. तुझ्या पुतणीने धातुकामाचा अभ्यासक्रम पुरा करून टायरवाल्याच्या मागची पत्र्याची शेड भाड्याने घेतली, हे मी मागे लिहिलेच होते. (घरात पिढ्यान्‌पिढ्या शब्दांची घासाघीस चालत आली, भांड्यांखेरीज दुसरे काही घासणारी ही पहिलीच.) त्या शेडमध्ये तिने जी पहिली वस्तू स्वतःच्या नावावर घडवली, ती माझ्यासाठी. पट्ट्याचे बकल. पांढरे, जर्मन सिल्व्हरचे, तळहाताएवढे. त्यावर मागून ठोकून उठवलेले एक उघडे पुस्तक आहे, त्यामुळे त्याच्या कडा पाठीलाही लागतात. पानांच्या कडा एकावर एक सरकलेल्या दिसतात, आणि दादा, एका पानाचा कोपरा दुमडलेला आहे. मी पुस्तकांचे कोपरे दुमडतो म्हणून लहानपणापासून ही मुलगी मला रागावत आली, आणि शेवटी तिने माझा तो दुर्गुण धातूत कायम करून माझ्याच कमरेला बांधला. याहून मोठा गौरव कोणत्या बापाचा झाला असेल, तर त्याचे नाव मला कळवावे.

तेव्हापासून बावन्नाव्या वर्षी मी शर्ट आत खोचू लागलो. नुसते खोचून भागेना, तेव्हा चालताना छाती मागे आणि पोट पुढे ठेवण्याची सवय लावून घेतली. बसमध्ये वाहकाला दाखवले, पालकसभेत पालकांना दाखवले. परीक्षेत पर्यवेक्षण करताना वर्गातून इतक्या सावकाश फिरलो की मुलांना वाटले, आज सर कॉपी पकडल्याशिवाय राहत नाहीत. माझी इच्छा एवढीच, की कोणीतरी विचारावे, "सर, बकल कुठलं?" आणि मी म्हणावे, "मुलीनं केलं." कोणी न विचारल्यास मी उत्तर आधी देत असे.

साधारण तीनेक आठवड्यांनी बेंबीखाली खाज सुटली. मग तांबूस चट्टा, त्यावर बारीक पुरळ, आणि पुढे त्यांतल्या काहींत पाणी धरले. आमच्या हिने पाहून निदान केले की कपडे धुण्याची नवी पावडर बाधली. त्या शनिवारी घरातले सगळे कपडे तीन पाण्यांतून काढले गेले, मी दोन दिवस सैल पायजम्यात लोळलो, आणि सोमवारी सकाळी चट्टा फिका पडला. पावडर दोषी ठरली. बुधवारी पुरळ पुन्हा हजर.

मग खालच्या मजल्यावरचे विमा एजंट आले. हे गृहस्थ माणसाला आधी घाबरवतात आणि मग धीर देतात. त्यांचा व्यवसायच तो. त्यांनी प्रथम नागीण, नायटा आणि खरूज अशा तीन शक्यता मांडल्या. नागीण म्हणावी तर ती अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि आग आग करते. नायट्याची कडा गोल चढत जाते आणि मध्य निवळतो. खरूज असती तर रात्री जास्त खाजली असती आणि घरातल्या सगळ्यांना झाली असती. यांतले माझे काहीच नव्हते, हे पाहून ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, "लसूण वाटून लावा. माझ्या साडूला एका दिवसात गुण आला." मी लावला. दादा, लसूण हा आमटीतच शोभतो. अर्ध्या तासात पोटाची अशी आग झाली की मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालत स्तोत्रे म्हणू लागलो, आणि ही म्हणाली, "आज एवढी भक्ती कशी सुचली?" कातडी सोलवटली, शाळेतून रजा घ्यावी लागली, पुन्हा तो सैल पायजमा आला, आणि आठवडाभरात सोलवटलेले आणि पुरळ दोन्ही बरे झाले. एजंट जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले की लसणाने गुण आला. खरे सांगायचे तर मीही सांगू लागलो. शाळेत गेलो, आणि तिसऱ्या दिवशी पुरळ परत.

आता मात्र मी शास्त्रशुद्ध विचार केला. अन्वय आणि व्यतिरेक मी जन्मभर शिकवत आलो: जे असताना घडते आणि नसताना घडत नाही, ते कारण. घरी असलो की पुरळ जाते, शाळेत गेलो की येते. म्हणून पुरळाचे कारण शाळा. (या तर्काचा मला इतका अभिमान वाटला की तो मी दहावीच्या वर्गाला फळ्यावर मांडून दाखवला.) शाळेत नेमके काय, तर प्रथम संशय मेजावर. त्याची कडा बरोबर बेंबीखाली टेकते. सुताराकडून ती घासून घेतली, वर कापड ठोकले. फरक नाही. मग उरल्या आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सारे मोठ्या बाई म्हणतात. मी सभेत त्यांच्यापासून जरा लांबच्या खुर्चीवर बसू लागलो. त्यांनी कारण विचारले. मी खोटे बोलत नाही, हा माझा दुसरा दुर्गुण. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "सर, माझ्यामुळे लोकांच्या कपाळावर आठ्या येतात हे मला ठाऊक आहे. पोटावर काही आल्याचं पहिल्यांदाच ऐकते. डॉक्टरांकडे जा."

डॉक्टरीण बाई माझीच विद्यार्थिनी निघाली. हिला मी संस्कृतात दोनदा नापास केले होते, म्हणून जरा जपूनच शर्ट वर केला. तिने पाहिले आणि म्हणाली, "सर, पट्टा लावा बघू." लावला. "आता सोडा. पुन्हा लावा." त्या उघड्या पुस्तकाच्या दोन्ही पानांचा ठसा माझ्या पोटावर कोणी शाईने उमटवावा तसा उमटला होता. "निकेल," ती म्हणाली, "या पांढऱ्या धातूत असतं. घामानं ते सुटतं, ओल्या शर्टातूनही उतरतं, आणि काहींच्या कातडीला सोसत नाही. एकदा वैर धरलं की ती ते विसरत नाही." मी म्हटले, लसूण आणि पावडर यांचाही विचार व्हावा. तर म्हणते, "सर, शनिवार-रविवार तुम्ही पट्टा लावत नव्हतात ना? अन्वय-व्यतिरेक तुम्हीच शिकवलंत." जी गोष्ट हिला उत्तरपत्रिकेत कधी लिहिता आली नाही, ती तिने माझ्या पोटावरून वाचून दाखवली. शिक्षक म्हणून मला धन्यता वाटली. रुग्ण म्हणून वाटली नाही.

तिने सांगितलेले उपचार इतके साधे, की फी देताना हात अडखळला. मुख्य औषध म्हणजे बकल काढणे. मग गार पाण्यात पिळलेले स्वच्छ सुती फडके दिवसातून दोन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे ठेवायचे. कोमट पाण्याने अंघोळ, सौम्य साबण, तोही तिथे चोळायचा नाही. टिपून कोरडे केल्यावर बिनवासाची पेट्रोलियम जेली, खाज फार झाली तर कॅलामाइनचे गुलाबी लोशन. नखे कापायची, खाजवायचे नाही, कपडे सैल आणि सुती. फोड आपण फोडायचे नाहीत. पू झाला, ताप आला, चट्टा पसरत चालला किंवा आठवडाभरात उतार पडला नाही, तर मुकाट्याने तिच्याकडे जायचे. (लसणाचे नाव घेताच तिने असे पाहिले की मला माझीच नजर आठवली.)

पण दादा, बकल काढायचे कसे? चिमी रोज संध्याकाळी घरी आली की आधी माझ्या कमरेकडे पाहते, मग तोंडाकडे. तिची पहिली वस्तू बापाच्या अंगाला सोसली नाही, हे तिला मी सांगू? मी डॉक्टरीण बाईला विचारले, बकल न काढता काही जमेल का. ती म्हणाली, कातडी आणि बकल यांच्यामध्ये बनियन राहू दे आणि बकलाच्या मागच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिश लावा, पण हे तात्पुरतं. आमच्या हिच्याकडे निघाले ते फक्त लाल. तेच लावले, वाळण्याआधी पट्टा बांधला, आणि दुसऱ्या तासाला पांढऱ्या शर्टावर पोटाच्या मध्यावर लाल डाग उमटले. पुढच्या बाकावरची मुलगी किंचाळली. मला स्ट्रेचरवर घालू पाहणाऱ्या शिपायाला मी नेलपॉलिश हा शब्द सांगितल्यावर शाळेत माझ्याविषयी ज्या अफवा उठल्या, त्यांचा या पत्राशी संबंध नाही.

असे मी आणखी काही दिवस ढकलले असते. पण एका संध्याकाळी चिमी उड्या मारतच आली. तिला पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती. बँडपथकाच्या साऱ्या वादकांसाठी बकले, त्याच पांढऱ्या धातूत, माझेच पाहून ठरलेली. बँडमास्तरांनी मला बाजारात पाहिले होते म्हणे. हे ऐकून माझा घास तोंडातच राहिला. तुतारीवाला श्वास घेतो तो पोटात. प्रत्येक श्वासाला पोट बकलावर आदळणार, उन्हात घाम येणार, आणि महिन्याभरात भर मिरवणुकीत अर्धे पथक एका हाताने वाजवणार. आणि त्या सगळ्या बकलांच्या पाठीवर माझ्या मुलीचे नाव कोरलेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शेडवर गेलो आणि थेट शर्ट वर केला. तिने गॅसची ज्योत बंद केली, चष्मा कपाळावर नेला आणि बराच वेळ पाहिले.

"खाजतं की आग होते?"

"दोन्ही, आलटून पालटून."

"कधीपासून?"

"पुस्तक प्रकाशित झालं तेव्हापासून."

"आणि हे तुम्ही सगळ्यांना दाखवत फिरत होता?"

"बकल दाखवत होतो. पोट फक्त तिघांनी पाहिलं."

ती हसली नाही. रडेल असे मला वाटले होते, तर रडलीही नाही. बकल माझ्या कमरेचे काढून घेतले, उलटे केले, नखाने लाल रंग खरवडला आणि म्हणाली, "बाबा, हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. मी दागिना नाही केला, वापरायची वस्तू केलीय." मग म्हणाली, "चला."

कुठे, तर बँडमास्तरांकडे. पुरावा म्हणून मला बरोबर नेले. तालमीच्या खोलीत, पितळी भोंग्यांच्या मधोमध, तिने त्यांना सरळ सांगितले की ठरलेला धातू मी देणार नाही, आणि का ते यांच्या पोटावर पाहा. मी पाहू दिले. ऑर्डर हातची जात होती आणि मुलीचा आवाज कापत नव्हता. बँडमास्तर माझ्या पोटाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "बरं झालं बोललीस. पण मला खाजणार नाही असं काय देशील, ते दाखव. पथक बाहेर पडायच्या आत दाखवलंस तर काम तुझं, नाहीतर दुसरीकडे देतो." चिमी म्हणाली, "दाखवते." दादा, त्या खोलीत इतकी मोठमोठी वाद्ये होती, पण सर्वांत फुगलेली वस्तू मी होतो.

तिने पितळ घेतले, त्यात निकेल नाही याची खात्री करून घेतली, पुस्तक पुन्हा घडवले (कोपरा दुमडलेला आहेच) आणि पाठीला कातड्याचे अस्तर दिले. ते नवे बकल मी सध्या बांधून आहे. जुने काचेच्या कपाटात आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. पोट निवळले, मुलगी कामाला लागली, मोठ्या बाई निर्दोष सुटल्या. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो पट्ट्यासारखा घट्ट असावा, टोचू मात्र नये.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राबरोबर पुडके आहे, त्यात एक पट्टा आहे. बँडमास्तर म्हणतात, एका पोटावरून काय ठरवायचे, आणि तेही बापाच्या. चिमीचे म्हणणे त्याहून कठोर आहे: "बाबांच्या पोटावर माझा विश्वास नाही. ते पुन्हा लपवतील. काकांचं पोट पाहिजे." तुझ्या घड्याळाखाली मनगट लाल होते आणि तू हवेला दोष देतोस, तेव्हा तुझी कातडीही माझ्याच वाणाची. तुझ्याकडे जागाही ऐसपैस आहे. शिवाय आयुष्यात कधी तुला सुई टोचली आणि गावाला कळले नाही, असे झालेले नाही. या कामाला तुझ्याहून लायक माणूस आमच्या माहितीत नाही.

ता. क. २. दिवसभर बांधावा, घाम येईल असे चालावे. घड्याळ तेवढ्या काळापुरते काढून ठेवावे, म्हणजे दोष कोणाचा यात घोळ होणार नाही. काही उठलेच तर पट्टा तत्काळ काढून गार फडके ठेवावे. बाकीचे वर आलेच आहे. लसूण वहिनींकडेच राहू द्यावा.

ता. क. ३. माझे पोट निवळले असे वर लिहिले आहे, ते बहुतेक खरे आहे. उजवीकडे थोडी लाली दिसते, ती जुनी की नवी हे मला ठरवता येत नाही, किंवा ठरवायचे नाही. म्हणून तू जे काही होईल ते खरे खरे आणि थेट चिमीलाच लिही. मला लिहिलेस आणि ते वाईट असले, तर मी ते तिला दाखवीनच असा मला स्वतःचा भरवसा नाही.