बारीक तारा

महाल, नागपूर
४ डिसेंबर १९७५

चि. चंद्रभान यास वच्छलाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं वजन वाढल्याचं वाचून बरं वाटलं. उमरेडचा वजनकाटा खरं बोलतो की तुझ्यासारखाच आहे, ते संक्रांतीला येऊन पाहीन.

मुख्य बातमी आता सांगते. आजारपणात तू गिटार विकलीस, तेव्हापासून घरात तो विषय कोणी काढत नाही. मीच काढते. मोहननगरात फ्रान्सिसकाका म्हणून रेल्वेतले निवृत्त गार्ड आहेत. बायको वारली, म्हणून ते आता लेकीकडे कायमचे निघालेत आणि घरातलं सामान काढताहेत. त्यात एक जुनी विलायती गिटार आहे, बारा तारांची. तारा जोडीजोडीने लावलेल्या, बहुतेक जोड्यांत एक जाड आणि तिच्या अंगाला अंग लावून एक बारीक. काकांनी वाजवली तर मला वाटलं, आतल्या खोलीत आणखी कोणी वाजवतंय.

तुमच्या ऑर्केस्ट्राचे मनोहरराव इतवारीत भेटले. म्हणाले, चंद्रभानले सांगजा, साधी गिटारवाले मले पायलीचे पन्नास मिळून राहिले, पण बारा तारांची घेऊन आला तर जागा त्याचीच.

दवाखान्यात खाटेच्या दांडीवर तुझी बोटं चालायची, ते मी विसरलेली नाही. पैशाचं आम्ही पाहू. हो की नाही, तेवढं कळव.

तुझी ताई,
वच्छला


उमरेड
९ डिसेंबर १९७५

ती. सौ. ताईस चंद्रभानचा शि. सा. न. वि. वि.

हो, हो आणि हो! पत्र हातात घेऊन मी अंगणात इतक्या फेऱ्या मारल्या की आई म्हणाली, ताप तर नाही ना चढला गा.

घेण्याआधी एवढं पाहा. गिटारची मान डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम धर, ती वाकलेली नको. बारा तारांचा ताण फार असतो, त्याने पुढची फळी फुगते. तिच्यावरून हात फिरव. खुंट्या पिळून पाहा. बाकी ओरखडे असू देत, मलाही आहेत.

बापूजी रोज हातमागाकडे पाहतात आणि मग माझ्याकडे. कापसाच्या धुळीत बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून बोलत नाहीत. पण त्यांचे गुडघे संपलेत, ताई. मला दुसरं येतं ते फक्त वाजवणं. मनोहररावांना सांग, फेब्रुवारीत येतो.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया आहे म्हणून मागायला लाज वाटत नाही.

तुझा,
चंद्रभान


उमरेड
४ जानेवारी १९७६

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

भाऊजी काल गिटार घेऊन आले. थंडीत, बसमध्ये मांडीवर घेऊन. म्हणून लिहायला जड जातं.

आपण फसलो. दिसायला देखणी आहे, मान सरळ आहे, पण बारीक तारा मुक्या आहेत. जाड तारा वाजतात, त्यांच्या शेजारच्या नुसत्या थरथरतात. काल रात्रीपर्यंत खटपट केली. उमेदीने आणून ठेवलेल्या नव्या तारा चढवल्या, तरी तेच. बारा तारांची म्हणून सहा तारांचीच गळ्यात मारली त्या म्हाताऱ्याने. लाकडातच दोष असणार, आणि त्याला ठाऊक असणार.

भाऊजी म्हणतात, चांगली वाजते. पण भाऊजींना पेटी आणि तबल्यातला फरक कळत नाही हे तूच सांगतेस. ते उद्या निघतील, त्यांच्यासोबतच गिटार आणि ही चिठ्ठी पाठवतो. काकांना सोडू नकोस.

तुझा,
चंद्रभान


महाल, नागपूर
१२ जानेवारी १९७६

चि. चंद्रभान यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र चार वेळा लिहायला घेतलं.

तुझी चिठ्ठी वाचून मी तशीच मोहननगरात गेले. हे सोबत होते. मी दारातच भांडायला लागले. म्हाताऱ्या माणसाला नाही नाही ते बोलले. काकांनी गिटार मांडीवर घेतली, खुंट्या जुळवल्या आणि वाजवली.

बाळा, सगळ्या तारा बोलत होत्या. बारीक तर सगळ्यांत लख्ख. शेजारची बाई ओले हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. मी यांच्याकडे पाहिलं तर हे खाली पाहत होते. मग म्हणाले, उमरेडलेही अशीच वाजत होती वं. चांगली वाजते म्हणालो, पुढचं मले तिथं सांगता आलं नाही.

काकांची माफी मागितली आणि तुझ्या छातीच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, क्षयावरच्या त्या इंजेक्शनांनी फुप्फुस वाचलं, पण काहींचे कान त्यात जातात. आधी बारीक आवाज जातात. गेलेलं परत येत नाही. मला दिवाळी आठवली. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि तू शेजारी बसून वाचत होतास. आम्ही हसलो होतो.

तपासायला ये. मी सोबत असेन. काका गिटार परत ठेवून घ्यायला तयार आहेत, काय सांगू?

तुझी,
ताई


उमरेड
२ मार्च १९७६

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

परवा तपासणी झाल्यावर डॉक्टर तुझ्याकडे पाहून बोलले. तू माझा हात फार घट्ट धरलास. उरलेलंही हळूहळू जाईल, एवढं मला कळलं.

गिटार काकांना परत देऊ म्हणालीस, तरी तुझ्याशी भांडून ती घेऊन निघालो, तो थेट बसवर गेलो नाही. मनोहररावांकडे गेलो. मनात होतं, सवयीवर निभेल. वाजवली. पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. मनोहरराव जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, बारीक तारा सुरात नाहीत गा, चंद्रभान. त्या मला कशा कळणार? त्यांनी चहा पाजला, बसस्टँडपर्यंत आले. पुन्हा ये म्हणाले नाहीत. भला माणूस आहे.

सोमवारपासून मागावर बसतो आहे. बापूजींनी तोंडाला बांधायला फडकं शिवून घेतलंय. डॉक्टरांना सांगू नकोस.

काल सगळ्या बारीक तारा काढून टाकल्या. म्हटलं, मला ऐकू येते तशीच ती असू दे. सहा तारांवर वाजवत बसलो होतो, तर आई स्वयंपाकघरातून उठून आली. पिठाचे हात तसेच. माझ्या तोंडासमोर बसून म्हणाली, आज काहून अर्धीच वाजून राहिली गा? तू वाजवायचास तवा मी भाकर थापता थापता थांबून ऐकत होती.

मी म्हटलं, तारा तुटल्या.

पत्रं पाठवत राहा, ताई. वाचायला कान लागत नाहीत.

तुझा,
चंद्रभान