सांजेची रांगोळी

माय, तू मला विसरली असशीलच. जिवंत असतानाच मला हाक मारायला आधी साऱ्या बहिणींची नावं घ्यायचीस, मग म्हशीचं, तेव्हा कुठं माझं. म्हणून सांगते, मी तुझी धाकटी. आता तुझ्यापेक्षा म्हातारी झालेय. मला अक्षर येत नाही, एवढं तरी आठवत असेल. मी बोलतेय अन् शेजारची सून लिहितेय. माझं बोलणं ती शाळेतल्यासारखं नीटनेटकं करते. करू दे, तुझ्यापुढं तरी शहाणी दिसेन.

तुझ्यासारखीच मी एकटी राहते. पोरगा पुण्याला चल म्हणतो, मी नाही म्हणते. दिवाळीला आला तेव्हा झडती घेतल्यासारखा घरभर फिरला. न्हाणीतली शेवाळलेली फरशी काढली, भिंतीला धरायला दांडा ठोकला. त्यावर मी लुगडं वाळत घालते. गळ्यात घालायला फोन दिला. तो देवाजवळच्या खुंटीला असतो, तिथं सुखरूप आहे. आतली कडी काढून बाहेरून उघडणारं कुलूप बसवलं अन् एक किल्ली या सुनेकडं दिली. जाताना तिला म्हणाला, “वहिनी, सकाळी मायची रांगोळी दिसली नाही, तं लगेच दार उघडजा.” अन् मला म्हणाला, “एकदा जरी पडली, तं तुले इथं ठेवणार नाही.” मी हो म्हटलं. त्याला तुझ्या रांगोळीचं काय माहीत!

मला माहीत आहे. शेवटची माहेरी आले होते ती सांज. उन्हं उतरतायत, तू दारात बसून ठिपके टाकतेस.

“काऊन वं माय, आताच?”

“सकाळी गुडघे वाकत नाहीत. लोकाईले काय, रांगोळी दिसली का झालं.”

“अन् कोंबडीनं मोडली तं?”

“तं कोंबडीच्या नावानं बोंबलीन.”

आपण दोघी पोट धरून हसलो.

महिना झाला नसेल, तू न्हाणीत पडलीस. आतून कडी. बाहेर आदल्या सांजेची रांगोळी, एक ठिपका मोडलेला नाही. सारी गल्ली ती बघत शेतात गेली, म्हातारी उठली म्हणाली. सांजेला बकरी ओरडायची थांबेना, तेव्हा दार फोडलं. पाण्याचा तांब्या तुझ्यापासून हातभरावर होता. दार फोडणारा म्हणाला, हात अजून कोमट होता. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला बिचारा. भाकरीवरून पाण्याचा हात फिरवते तेव्हा तो कोमट हात मला अजून आठवतो.

आता खरं सांगते. माझेही गुडघे तुझेच निघाले. थंडी पडल्यापासून मीही रांगोळी सांजेलाच काढते.

हे ऐकून सुनेचा हात थांबला. “आजी, म्हंजे मी रोज सकाळी काय पाह्यते?”

“कालची म्हातारी.”

ती हसली नाही. “मी आत्ताच भाऊले फोन लावते.”

“लाव. तो मले घेऊन जाईल. मग भिंतीवरून भांडशील कोणासंग?”

तिनं पदरानं डोळे पुसले. मग विचारलं, हे पत्र टाकायचं कुठं? तुझ्या गावात तुला ओळखणारं आता कोण आहे. राहू दे ज्वारीच्या डब्यात.

फोन तिनं लावला नाही. पण आमचं ठरलं ते तुला कळावं, म्हणून तेही लिहायला लावते. पोरी, रांगोळीवर भरवसा ठेवू नको. रोज सकाळी भिंतीवरून मी तुला एक भाकर देईन. रांगोळी सांजेची खपते, गरम भाकर सांजेची खपत नाही. हाताला चटका बसला नाही, तर किल्ली घेऊन ये. भाकर माझी, भाजी तुझी. अंबाडीची धाड, मऊ घोटून. वांगं नको, ते मला बाधतं.