व्हरांड्यातल्या दिव्याखालचा गांजा

कॅनबरा, मे महिना

तीर्थस्वरूप कोरलताई हिस,

ग्लेनिसचा साष्टांग नमस्कार (म्हणजे गुडघे परवानगी देतील तेवढाच). बंडाबर्गला तुझी तब्येत काय म्हणते? पाठ अजून धरते का? माझं विचारशील, तर तुझी बहीण यंदा जिंकली! 'ग्लेनिस, तुझ्या हाती निवडुंगसुद्धा वाळतो' असं फोनवर हिणवायचीस ना, आता नीट बसून वाच.

इथे माणशी गांजाची दोन रोपं लावायला कायद्याची ना नाही, हे तुला ठाऊक आहेच (तू ते चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलंस, हेही मला ठाऊक आहे). माझं अडत होतं ते दिव्यापाशी. माझा लेस गेल्यापासून मी मागच्या व्हरांड्यातला दिवा रात्रभर मालवत नाही. मेला नवरा घोरायचा तेव्हा झोप येत नव्हती, आता शांततेने येत नाही. आणि साधा गांजा पडला मानी! रात्री लांबल्या, मिट्ट काळोख झाला, तरच फुलणार. माझी रोपं नुसती पानं काढत बसायची आणि एप्रिलात इथली थंडी सुरू होऊन दव गोठलं की काळीठिक्कर पडायची. कुंपणापलीकडचा नेव्हिल (हा सरकारी खात्यातून निवृत्त झाला, खातं त्याच्यातून झालेलं नाही) स्वतःच्या झाडासाठी रोज भांडायला यायचा. "ग्लेनिसबाई, दिवा मालवा हो, माझ्या झाडाला झोप लागत नाही!" मी म्हटलं, "मग त्याला अंगाई म्हणा. दिवा राहणार."

मग मला ती 'ऑटो', म्हणजे आपलीआपण फुलणारी, जात मिळाली. बुटकी, आटोपशीर, टोमॅटोच्या मागे सहज लपेल अशी. दिवस केवढा, रात्र केवढी, याच्याशी तिला देणंघेणं नाही. वयात आली की फुलणार, मग डोक्यावर दिवा जळो नाहीतर समोरून वरात जावो. पण गेल्या वर्षी मी तिचं वाटोळं केलं. टोमॅटोचे करतो तसे लाड केले गं! दह्याच्या डब्यातून लहान कुंडीत, लहानीतून मोठीत, वर शेंडाही खुडला. साधं झाड रुसलं तरी रुसवा काढायला वेळ असतो. या बयेचं आयुष्यच केवढंसं! रुसली ती रुसलीच, आणि वीतभर उंचीवरच फुलून मोकळी झाली. नेव्हिल कुंपणावरून म्हणतो, "हे काय, कोथिंबिरीला मिशा फुटल्या?" मी आत जाऊन रडले, ताई. तुझ्यापाशी काय लपवायचं.

यंदाच्या हंगामात नोव्हेंबरातली मेलबर्न कपची घोड्यांची शर्यत होऊ दिली (त्याआधी इथे गारठ्याच्या भीतीने टोमॅटोही कोणी लावत नाही) आणि दुसऱ्याच दिवशी बिया थेट मोठ्या कुंड्यांत टोचल्या. हलवलं नाही, खुडलं नाही, खतही चिमूटभरच. हात नुसते शिवशिवत होते, म्हणून लेसचे जुने मोजे उसवून पुन्हा विणले. आणि काय सांगू! त्याच दिव्याखाली, कमरेलाही न लागणाऱ्या त्या दोघी अंगभर फुलल्या! पोस्टमन फाटकापाशी उगाच रेंगाळायला लागला. फेब्रुवारीत मी सगळं काढून, वाळवून, बरण्या भरून मोकळी.

नेव्हिलचं झाड तेव्हा छपराला टेकलं होतं, नुसतं पानांनी. माझा उजेड लागू नये म्हणून तो त्याला रोज संध्याकाळी चादर पांघरवायचा. पंचवीस एप्रिलच्या अँझॅक दिनाआधी घरात हीटर लावायचा नाही, हा त्याचा बाणा. त्याच दिवशी सकाळी गारठून बाहेर आला तो काय, चादर गोठून कडक आणि आत झाड काळं! दुपारी टोपी हातात घेऊन दारात उभा. "ग्लेनिसबाई, ती बुटकी जात कुठली म्हणालात?" मी त्याला नाव सांगितलं, चहाही दिला. जिंकलेल्या माणसाला मोठं मन परवडतं.

तुझी विजयी बहीण,
ग्लेनिस

ता. क. पाठीसाठी थोडं पाठव म्हणशील, तर ते जमणार नाही. दुसऱ्याला देणं गुन्हा आहे, सख्खी बहीण असली तरी.

आणखी ता. क. मात्र माणशी दोन, घरटी चार, असा नियम आहे. म्हणजे या घरात दोन जागा रिकाम्या आहेत. तू राहायलाच ये ना. तुझ्या बिया तूच टोचायच्या.

शेवटचा ता. क. तू पलीकडच्या खोलीत असलीस तर मला दिवा मालवता येईल. हे नेव्हिलला कळू देऊ नकोस, नाहीतर तुझं तिकीट तोच काढेल.